कॉर्व्हाइन, कॉर्व्हिड, कॉर्व्हॉइड आणि पोटातले कावळे

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आजीच्या दहाव्यावर तुम्ही इंग्रजीत लेख लिहिताय, घाटावर पिंड ठेवलाय, कावळा काही शिवत नाहीये, आणि तिथे तुम्ही लिहिलंय "वी वेटेड फॉर द कॉर्व्हिड टच". कुणीतरी म्हणालं कॉर्व्हिड नाही, कॉर्व्हाइन पाहिजे. डिक्शनरी उघडली तर शेजारीच कॉर्व्हॉइड निघालं. आणि पुढच्या ओळीत "बाय नून वी वेअर रॅव्हनस" आहे, म्हणजे बारापर्यंत भुकेने जीव कासावीस, तर हे रॅव्हनसपण रेव्हनमधून, म्हणजे त्या मोठ्या काळ्या कावळ्यातूनच आलंय का, म्हणजे एकाच परिच्छेदात कावळेच कावळे होतायत का, ही चौथी शंका. मी गेली २३ वर्षं भाषांतर आणि इंग्रजी कॉपी-एडिटिंग करतेय, त्यात पक्ष्यांचा मजकूर बराच येतो, आणि या चारही शब्दांत मी स्वतः कधी ना कधी आपटलेली आहे, तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

घाईत असाल तर एवढंच घ्या: कॉर्व्हाइन म्हणजे कावळ्यासारखा, म्हणजे नजर, आवाज, चाल, स्वभाव, रूप असलं काहीतरी कावळ्याची आठवण करून देणारं. कॉर्व्हिड म्हणजे कावळ्याच्या कुळातला, हा नात्याचा शब्द आहे, दिसण्याचा नाही. कॉर्व्हॉइड म्हणजे त्याहून लांबच्या भाऊबंदांतला, आणि हा शब्द पक्षीशास्त्रज्ञ सोडून कुणी वापरत नाही. रॅव्हनसचा कावळ्याशी काडीचा संबंध नाही. आणि तुमच्या त्या पहिल्या वाक्यात यातला एकही शब्द नकोय, ते शेवटी सांगते.

तिन्ही शब्दांचं डोकं एकच, लॅटिन कॉर्व्हस, फरक सगळा शेपटीत आहे. आपण मराठीत तेच करतो पण लक्षात येत नाही. घर, घरचा, घरगुती, घरंदाज, आता घरगुती डबा आणि घरंदाज डबा यात कुणी गोंधळ घालत नाही, कारण शेपट्या अंगवळणी पडल्यात. इंग्रजीतल्या पडलेल्या नसतात म्हणून सगळे शब्द सारखे वाटतात.

पहिली शेपटी आइन. फीलाइन, केनाइन, बोव्हाइन, इक्वाइन या सगळ्यांत तीच आहे, "त्या प्राण्याचा किंवा त्याच्यासारखा". फीलाइन ग्रेस म्हटलं की एखादी नर्तकी मांजरीसारखी लवचिक चालतेय, ती मांजर आहे असं कुणी म्हणत नाही. दुसरी शेपटी इड. ही मुळात ग्रीक, अर्थ "अमक्याचा मुलगा", एट्रियसचे मुलगे ते एट्रायडीज. म्हणजे आपलं कुंतीचा तो कौंतेय, दशरथाचा तो दाशरथी. प्राणिशास्त्रात कुळांची नावं याच शेपटीवर बेतलेली असतात, कॉर्व्हिडी, फेलिडी, कॅनिडी, आणि त्याचं टोक छाटलं की कॉर्व्हिड, फेलिड, कॅनिड. आता गंमत बघा, अर्जुनाला कौंतेय म्हणताना तो कुंतीसारखा दिसतो असं आपल्याला म्हणायचं नसतं. तसंच कॉर्व्हिड. कॉर्व्हिड पक्षी काळा असेलच असं नाही, काव काव करेलच असं नाही, फक्त गोत्र ते.

तिसरी शेपटी ऑइड, रूप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. अॅस्टेरॉइड म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा, पण तारा नव्हे. ह्युमनॉइड म्हणजे माणसासारखा पण माणूस नव्हे. या शेपटीत "पण तो नव्हे" हे कायम दडलेलं असतं, हे डोक्यात ठेवा, खाली हाडांच्या भानगडीत लागेल.

आता कॉर्व्हाइन जरा जवळून. १७ व्या शतकापासून इंग्रजीत आहे, पण बोलण्यातला शब्द नाही, छापील आहे, आणि थोडा मिशीत हसणारा आहे. माझ्या किचनच्या ग्रिलवर रोज सव्वासातला एक गावकावळा येतो. पोळीचा तुकडा ठेवला तर लगेच उचलत नाही, आधी डावा डोळा, मग मान फिरवून उजवा डोळा, मग दोन उड्या तिरक्या, मग चोचीने तुकडा थोडा ढकलून बघणार, आणि घेतला की मागे वळूनसुद्धा न बघता पसार. हे सगळं ज्या माणसात दिसतं तो माणूस कॉर्व्हाइन. काळा कोट, लांब नाक, समोरच्याकडे सरळ न बघता बाजूने बघायची सवय, आणि नजर तुमच्या चेहऱ्यावर नसून तुमच्या ताटावर. अशा वर्णनात हा शब्द चपखल बसतो. कॉर्व्हाइन प्रोफाइल, कॉर्व्हाइन पेशन्स, अशी जोडी लावता येते. मराठीत याला एका शब्दाचा जोड नाही, काकदृष्टी आहे पण ती फक्त नजरेपुरती, म्हणून भाषांतरात मी सरळ "कावळ्यासारखा" लिहिते आणि पुढे चालू लागते.

एक अपवाद सांगून ठेवते नाहीतर उद्या कुणीतरी दाखवेल. आइनवाले सगळेच शब्द उपमेचे नसतात. पोपटांचे डॉक्टर सिटासाइन म्हणतात तेव्हा खरंच पोपटवर्गी पक्षी असाच अर्थ असतो. आणि पॅसराइन तर सगळ्यात भारी. लॅटिनमध्ये पॅसर म्हणजे चिमणी, त्यावरून पॅसराइन म्हणजे चिमणीच्या गणातला, आणि कावळा त्या गणात येतो! म्हणजे चिऊकाऊच्या गोष्टीत काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, चिऊचं मेणाचं राहिलं, चिऊने दार उघडायला वेळ लावला, इथपर्यंत आपल्याला माहीत होतं, पण शास्त्रज्ञांनी शेवटी काऊला कायमचं चिऊच्याच घरात राहायला पाठवलंय हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा "अ कॉर्व्हाइन पॅसराइन" हे विचित्र वाटलं तरी चूक नाही.

कॉर्व्हिडवर जास्त वेळ घालवायला हवा, कारण खऱ्या चुका इथे होतात. या कुळात सव्वाशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कावळे नाहीत. मॅगपाय आहे, "जे" नावाचे पक्षी आहेत, नटक्रॅकर आहे, चफ आहे, आणि आपल्याकडचा टकाचोर आहे. टकाचोर बघितलाय ना? तांबूस-बदामी अंग, काळपट डोकं, लांबलचक शेपूट, आंब्याच्या झाडात लपूनछपून फिरतो. कोकणातल्या माणसाला तो कावळ्याचा चुलतभाऊ आहे हे सांगितलं तर तो तुमच्याकडेच संशयाने बघेल, पण तो शंभर टक्के कॉर्व्हिड आहे. उलट दयाळ, ज्याला इंग्रजीत मॅगपाय-रॉबिन म्हणतात, त्याच्या नावात मॅगपाय असून तो कॉर्व्हिड नाही. आणि भारद्वाज, ज्याला जुने इंग्रज क्रो-फेझंट म्हणायचे, तो धड क्रो नाही धड फेझंट नाही, तो कोकिळेच्या कुळातला. नावावर जाऊ नका, हे मी प्रत्येक नवीन भाषांतरकाराला पहिल्या दिवशी सांगते आणि तो दुसऱ्या दिवशी नावावर जातो.

यातून काय होतं ते ऐका. १९९८ साली निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांचा एक गाजलेला प्रयोग नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. पक्ष्यांना अळ्या आणि शेंगदाणे लपवायला दिले. अळ्या त्यांना जास्त आवडतात, पण जास्त दिवस गेले की त्या सडतात. तर हे पक्षी काय लपवलं, कुठे लपवलं आणि किती वेळापूर्वी लपवलं हे तिन्ही लक्षात ठेवून, वेळ कमी गेला असेल तर अळ्यांकडे आणि जास्त गेला असेल तर शेंगदाण्यांकडे जायचे. हा पक्षी होता स्क्रब जे, निळसर-राखाडी, अमेरिकेतला, कॉर्व्हिड पण कावळा नाही. इंग्रजी बातम्या अशा प्रयोगांना कॉर्व्हिड इंटेलिजन्स म्हणतात, ते बरोबरच आहे, आणि मराठीत येताना त्याचं "कावळ्याची बुद्धी" होतं, ते चूक. याउलट २००२ साली ऑक्सफर्डमध्ये बेटी नावाच्या पक्षिणीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतलं खाण्याचं भांडं वर ओढलं, ती मात्र न्यू कॅलेडोनियन क्रो, खरीखुरी कावळी. तेव्हा कॉर्व्हिड दिसलं की आधी मूळ मजकुरात पक्षी कोणता ते शोधायचं, कावळाच असेल तर कावळा, एकापेक्षा जास्त असतील तर "कावळ्याच्या कुळातले पक्षी". लांब होतं, पण खोटं होत नाही.

जाता जाता, २०२० मध्ये माझ्याकडे आलेल्या फाइलींमध्ये कोव्हिडच्या जागी कॉर्व्हिड इतक्या वेळा आलं होतं की मी शेवटी फाइंड-रिप्लेस लावून ठेवलं होतं. कॉर्व्हिड पेशंट, कॉर्व्हिड वॉर्ड. स्पेलचेक काही बोलत नाही, कारण शब्द अस्सल आहे. "ऑल स्टाफ मस्ट गेट कॉर्व्हिड टेस्ट" हे वाचून डोळ्यासमोर काय आलं ते मी इथे लिहीत नाही.

कॉर्व्हॉइड पटकन उरकते. कुळांच्या वरची पायरी म्हणजे अधिकुल, त्याचं नाव कॉर्व्हॉइडिया, आणि त्यातला तो कॉर्व्हॉइड. त्यात कावळ्याचं कुळ तर आहेच, शिवाय कोतवाल आहे, खाटीक आहे, आणि तो पांढरी रिबिनीसारखी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तकसुद्धा आहे. म्हणजे कोतवाल कॉर्व्हॉइड आहे, कॉर्व्हिड नाही. दुपारी तारेवर बसून कावळ्याला टोचून पळवून लावणारा कोतवाल हा त्याचाच भाऊबंद निघावा हे आपल्याकडच्या भाऊबंदकीला धरूनच झालं. ललित लेखनात हा शब्द वापरू नका, वाचकाला तो छपाईची चूक वाटेल.

आता रेव्हन. हे नाम आहे आणि विशेषणही आहे, पण विशेषण म्हणून त्याचं काम जवळजवळ एकच, केसांचा रंग. रेव्हन हेअर म्हणजे नुसते काळे नाही, काळे आणि त्यावर निळसर चमक. इंग्रजी कादंबरीतल्या नायिकेचे केस रेव्हन असले की ते कौतुक आहे. मराठीत "कावळ्यासारखे केस" म्हटलं की लग्न मोडेल. तिथे काळेभोर लिहायचं, विषय संपला. तसं बघितलं तर संस्कृतात बालरामाच्या कानांजवळच्या झुलपांना काकपक्ष म्हणजे कावळ्याचे पंख म्हटलंय, म्हणजे आपल्याकडेही एकेकाळी कावळ्याच्या केसांना मान होता, मग कुठे गेला कोण जाणे. आणि क्रो हे विशेषण म्हणून लावलं, क्रो-ब्लॅक वगैरे, तर त्यात ती चमक नाही, नुसता काळा.

रेव्हन आणि क्रो हे पक्षी म्हणूनही वेगळे. रेव्हन चांगला किलोभर आणि त्याहूनही जास्त वजनाचा, शेपटी पाचरीसारखी, गळ्यावर दाढीसारखी पिसं. आपला गावकावळा पाव किलोच्या थोडा वर, मानेवर राखाडी मफलर. रेव्हन भारतात हिमालयात आणि वायव्येकडच्या कोरड्या भागात मिळतो, महाराष्ट्रात नाही, म्हणून त्याला रुळलेला मराठी शब्दही नाही, आणि भाषांतरकार बिनदिक्कत डोमकावळा लिहितात. डोमकावळा वेगळा, सगळा काळा, जाड चोचीचा, आपल्या गावाबाहेर, रानात दिसतो तो, इंग्रजीत जंगल क्रो. त्याचं शास्त्रीय नाव कॉर्व्हस कल्मिनॅटस, ते १८३२ साली साइक्सने दिलं, हा मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खन पालथी घातलेला लष्करी अधिकारी, म्हणजे हा कावळा कागदोपत्री आपलाच. गावकावळ्याचं नाव तर कॉर्व्हस स्प्लेंडेन्स, झळाळता! उकिरड्यावर बसलेल्याला हे नाव ठेवणाऱ्याची नजर मला आवडते. तुमच्या घाटावर येणारा यातला एक, बहुतेक गावकावळाच, तेव्हा लेखात चुकूनही रेव्हन लिहू नका, इंग्रजी वाचकाच्या डोळ्यासमोर रेव्हन पाळलेला तो टॉवर ऑफ लंडन उभा राहील.

रॅव्हनस. आधी उच्चारच बघा, पक्षी रेव्हन आणि हा रॅव्हनस, तिथेच पहिली खूण आहे की घर वेगळं. याचं मूळ जुन्या फ्रेंचमधून मागे जात लॅटिन रापिनापर्यंत पोचतं, म्हणजे हिसकावणं, लुटणं. त्याच घरातले रॅपेशस, रॅव्हेज, आणि शिकारी पक्ष्यांचा रॅप्टर हा शब्द त्याचा नातलग. म्हणजे रॅव्हनस हा ससाण्या-गरुडांकडचा पाहुणा आहे, कावळ्याकडचा नाही. गोंधळ वाढवायला इंग्रजीत रेव्हनच्याच स्पेलिंगचं एक क्रियापदही आहे, उच्चार रॅव्हन, अर्थ अधाशासारखं खाणं, त्यावरून रॅव्हनिंग वुल्व्हज वगैरे. स्पेलिंग एक, उच्चार दोन, घराणी दोन.

पण इथे मराठी माणसाची पंचाईत होते, आणि मला वाटतं तुमचीही तीच झाली. कारण आपल्याला भूक लागली की पोटात कावळेच ओरडतात. हिंदीत उंदीर पळतात, आपल्याकडे कावळे. त्यामुळे रॅव्हनस पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं वा, इंग्रजांच्याही पोटात कावळे, भाषा किती जवळ! नववीत होते, निबंधात लिहूनही टाकलं, बाईंनी काही म्हटलं नाही, बहुधा त्यांनाही पटलं असावं. प्रत्यक्षात जिथे इंग्रजी शब्दात कावळा दिसतो तिथे तो नाहीये, आणि मराठीत खरंच आहे.

आता ती हाडांची भानगड, कारण कावळ्याची सगळ्यात महागात पडलेली चूक माझी तिथली आहे. वर म्हटलं तो लॅटिन कॉर्व्हस झाला, ग्रीकमध्ये रेव्हनला कोराक्स आणि साध्या कावळ्याला कोरोने. कोराक्सवरून कोराकॉइड, कोरोनेवरून कोरोनॉइड, दोन्हीत ऑइड, म्हणजे कावळ्यासारखं पण कावळा नव्हे, दोन्ही हाडांच्या चोचीसारख्या टोकांची नावं. उजव्या हाताचं बोट डाव्या गळपट्टीच्या हाडावर ठेवा, खांद्याकडच्या टोकापासून एक तृतीयांश अंतर मोजा, तिथून इंचभर खाली जरा दाबा. एक टणक, थोडं दुखणारं टोक लागतं, तो कोराकॉइड, संस्कृत परिभाषेत अंसतुंड, तुंड म्हणजे चोच, म्हणजे आपल्या पंडितांनीही चोच ठेवली, फक्त पक्ष्याचं नाव काढून टाकलं. कोरोनॉइड खांद्यात नाहीच, तो एक कोपरात आणि एक जबड्यात.

माझं तिसरं-चौथं वर्ष असेल, खांद्याच्या व्यायामांची एक पुस्तिका तपासायला आली होती, टाइप करणाऱ्याने पानभर कोरोनॉइड टाइप केलं होतं, मी डिक्शनरीत बघितलं, शब्द आहे, हाडाचाच आहे, कावळ्याचाच आहे, पुढे गेले. हजार प्रती छापल्या. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन, "मॅडम, पेशंटचा खांदा तुम्ही कोपरात नेलात." आवाज हसरा होता पण बिलातून छपाईचे पैसे कापले. तेव्हापासून शब्द डिक्शनरीत सापडला म्हणजे तो बरोबर आहे असं मी मानत नाही.

याच कोरोने शब्दाचा ग्रीकमध्ये दुसरा अर्थ वाकडी, गोल वळलेली वस्तू असा होता, आणि लॅटिन कोरोना म्हणजे मुकुट, तो त्या अर्थाच्या बाजूने आला. म्हणजे कॉर्व्हिड-१९ लिहिणारे चुकीच्या शब्दातून का होईना कावळ्याच्या जरा जवळच होते. हा योगायोगच समजा, यावर निबंध लिहू नका.

अजून काही फसवे. कोरॅसिइफॉर्म, यातही कोराक्स आहे, पण हा खंड्या, वेडे राघू आणि नीलपंख यांचा गण. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो चास, त्याची प्रजाती कोरॅसियस, आणि त्याचा कावळ्याशी संबंध नावापुरता. रातबगळ्याचं शास्त्रीय नाव निक्टिकोरॅक्स, रात्रीचा कावळा, तोही बगळाच. आणि कॉर्मोरंट, हा माझा लाडका. हा शब्द मागे नेला तर कॉर्व्हस मरिनस निघतो, समुद्रकावळा. शास्त्रीय नाव फॅलॅक्रोकोरॅक्स, टकला कावळा. आणि मराठीत पाणकावळा. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता पंख पसरून खडकावर वाळत बसलेल्या त्या काळ्या पक्ष्याला कावळाच म्हटलं, आणि तो कावळा नाही.

उलट एक विशेषण असं आहे ज्यात कॉर्व्हिड आहे पण कुणाला दिसत नाही, पाइड. काळापांढरा, चट्ट्यापट्ट्यांचा. यातला "पाय" हा शब्द मॅगपायमधला, तोच रंग. पाइड कुक्कू म्हणजे आपला चातक, पाइड किंगफिशर म्हणजे कवड्या खंड्या, दोघेही मॅगपायच्या रंगाचे म्हणून पाइड. मॅगपायचं लॅटिन नाव पिका, आणि माती, खडू, कोळसा खावासा वाटण्याच्या विकाराला डॉक्टर पिका म्हणतात तेही याच पक्ष्यावरून, कारण तो काहीही खातो अशी समजूत.

आणि हंगेरीचा राजा मॅथियस कॉर्व्हिनस, १४५८ ते १४९० राज्य केलं, याच्या चिन्हावर चोचीत अंगठी धरलेला रेव्हन होता. त्याच्या ग्रंथसंग्रहाला कॉर्व्हिनियाना म्हणतात, त्याचं विशेषण कॉर्व्हिनियन. कुणी कॉर्व्हाइन लायब्ररी लिहिलं तर वाचनालयात कावळे शिरतील.

एडिटरच्या टेबलावरचं एक. इंग्रजीत क्रोज फीट म्हणजे डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. शब्दशः संस्कृत केलं तर काकपद, आणि काकपद आपल्याकडे आहेच, पण ते पोथीत राहून गेलेलं अक्षर दाखवायची खूण आहे, कॅरेट. एका नवशिक्याने आजीच्या डोळ्यांभोवतीची काकपदं असं लिहून आणलं होतं. मी ते खोडलं, पण खरं सांगते, आजीच्या चेहऱ्यावर काहीतरी लिहायचं राहून गेलंय असा तो अर्थ मला रात्रभर सोडत नव्हता. तुमच्या लेखाला लागला तर बघा, फक्त इंग्रजीत तो येणार नाही.

आता तुमची वाक्यं. "कॉर्व्हिड टच" म्हटलं तर कावळा, टकाचोर, मॅगपाय, कुणाचाही स्पर्श चालेल असं होतं, आणि दहाव्याला टकाचोर शिवलेला चालत नाही. "कॉर्व्हाइन टच" म्हटलं तर कावळ्यासारखा स्पर्श, म्हणजे एखाद्या काकांनीच बोटाने भाताला टोचल्यासारखं. तुम्हाला हवाय खरा कावळा, आणि त्याला इंग्रजीत साधा क्रो आहे. "वी वेटेड फॉर अ क्रो टू टच द राइस." एवढंच. शिवणं या क्रियापदात आपल्याकडे जे सगळं आहे, आजीची काही इच्छा राहिली का, कुणी मोठ्याने वचन द्यायचं का, ते विशेषणात कोंबू नका, पुढच्या दोन वाक्यांत तुम्ही ते छान लिहिलंच आहे, आईने हात जोडून "मी बघेन धाकट्याकडे" म्हटलं ते.

कॉर्व्हाइन तुम्हाला वापरायचाच असेल तर जागा आहे. तिसऱ्या परिच्छेदात मुंबईहून आलेले ते मोठे काका, उपरणं सावरत मान तिरकी करून जेवणाच्या डब्यांकडे बघतायत, त्यांना लावा. काकांना कावळा म्हटल्याचं घरी कुणाला कळणार नाही, आणि ज्यांना मराठी येतं त्यांना काक आणि काका ऐकू जाईल.

आणि "बाय नून वी वेअर रॅव्हनस" ही ओळ अजिबात बदलू नका. व्युत्पत्तीने त्यात कावळा नाही हे आत्ता तुम्हाला आणि मला कळलं, पण इंग्रजी वाचकालाही तिथे रेव्हन दिसतोच. पिंडावर एकही येत नाहीये आणि बारा वाजता सगळ्यांच्या पोटात मात्र ओरडतायत.